पहिलं हिप-हॉप सिंगल: वहीपासून पहिल्या पैशापर्यंत

डोंबिवलीतल्या माझ्या दहा बाय दहाच्या खोलीत दर आठवड्याला कुणी ना कुणी पोरगं येतं आणि दारातूनच सांगतं, "दादा, सगळं तयार आहे, फक्त रेकॉर्ड करायचंय."

मी पाणी देतो आणि विचारतो, "बीट कुणाचा?"

"यूट्यूबवरचा."

"विकत घेतलास?"

"फ्री लिहिलंय ना त्यावर."

बीट म्हणजे रॅपखाली वाजणारं तयार संगीत. हे उत्तर ऐकल्यावर अर्धा तास मी माइक चालू करत नाही. हा लेख म्हणजे तो अर्धा तास आणि पहिलं सिंगल, म्हणजे एकटंच रिलीज होणारं गाणं, बाहेर येईपर्यंतचे त्यापुढचे सहा-सात आठवडे.

आधी एक खरी गोष्ट. 2018 मध्ये अमेरिकेत अटलांटाजवळचा एक कॉलेज सोडलेला मुलगा बहिणीच्या घरी राहत होता. नाव लिल नास एक्स. त्याने नेदरलँड्सच्या यंगकिओ नावाच्या पोरसवदा बीटमेकरचा बीट नेटवरून 30 डॉलरला घेतला. अटलांटातल्या एका स्टुडिओत मंगळवारी 20 डॉलरचा सवलतीचा दर असायचा, तिथे तासाभरात गाणं रेकॉर्ड केलं. डिसेंबर 2018 मध्ये 'ओल्ड टाउन रोड' बाहेर आलं, लांबी 1 मिनिट 53 सेकंद. पुढच्या वर्षी ते बिलबोर्ड हॉट 100 या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सलग 19 आठवडे पहिल्या क्रमांकावर बसलं. त्याआधीचा विक्रम 16 आठवड्यांचा होता.

ही गोष्ट ऐकली की पोरांना फक्त 30 आणि 20 हे आकडे लक्षात राहतात. मला लक्षात राहतं ते वेगळंच. त्या बीटमधली बँजोसारखी तार यंगकिओने नाइन इंच नेल्स या बँडच्या 2008 च्या एका वाद्यरचनेतून उचलली होती. गाणं मोठं झाल्यावर त्या रचनेचे मालक, ट्रेंट रेझनर आणि ॲटिकस रॉस, गाण्याच्या श्रेयात आणि हिश्शात आले. त्यांनी समजुतीने घेतलं म्हणून गाणं चालू राहिलं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर बँजोशिवाय त्या गाण्यात उरलं काय असतं? गाणं करायला खर्च फार येत नाही. जो कागद आपण केलेलाच नसतो, तो महागात पडतो.

बीट निवडताना

यूट्यूबवर 'टाइप बीट', म्हणजे एखाद्या नावाजलेल्या रॅपरच्या ढंगातला बीट, शोधलं की हजारो सापडतात. त्यांवरच्या 'फ्री'चा अर्थ बहुतेक वेळा 'कमाई न करता वापरायला फ्री' एवढाच असतो. सराव करा, सायफरमध्ये (गोल करून आळीपाळीने रॅप करतात तिथे) वापरा, मित्रांना ऐकवा. स्पॉटिफायवर टाकून पैसे घ्यायचे तर लायसन्स घ्यावं लागतं.

लायसन्स दोन जातींची. लीज म्हणजे भाडं: तोच बीट आणखी शंभर जणांकडे असू शकतो. एक्स्क्लुझिव्ह म्हणजे यापुढे तो बीट नवीन कुणाला विकला जाणार नाही, पण आधी ज्यांनी लीज घेतली त्यांची गाणी राहतातच. लीजमध्येही पायऱ्या आहेत. सगळ्यात स्वस्तात फक्त एमपी3 मिळते, थोडे जास्त मोजले की वॅव्ह, म्हणजे न दाबलेली चांगल्या दर्जाची फाइल, आणि आणखी वर गेलं की स्टेम्स, म्हणजे किक आणि स्नेअर हे ड्रमचे ठोके, 808 हा खोल बास, मेलडी अशा सुट्या फाइली. जमत असेल तर स्टेम्स घ्याच. एकजीव एमपी3 वर आवाज बसवणं म्हणजे शिजलेल्या खिचडीतून डाळ वेगळी काढणं.

लायसन्सचा कागद वाचताना चार गोष्टींखाली पेन्सिलने रेघ मारा: किती स्ट्रीमपर्यंत चालतं, किती व्हिडिओ करता येतात, पैसे घेऊन शो करता येतो का, आणि गाण्याच्या रचनेत बीटमेकरचा वाटा किती. अनेक लायसन्समध्ये हा वाटा निम्मा असतो आणि पोरांना तो वर्षभराने कळतो.

आता माझी स्वतःची फजिती. काही वर्षांपूर्वी मी आणि एका मित्राने लीजच्या बीटवर गाणं केलं. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे गाणं स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोहोचवणाऱ्या कंपनीच्या, फॉर्मवर 'कंटेंट आयडी' असा चौकोन होता. मी हौसेने टिक केली, वाटलं गाण्याचं संरक्षण होईल. कंटेंट आयडी म्हणजे यूट्यूबची ओळखपरेड: तुमच्या गाण्याशी जुळणारा आवाज कुठेही सापडला की त्या व्हिडिओवर दावा लागतो. बीट शंभर जणांकडे, त्यामुळे आमच्या नावाने परक्या पोरांच्या व्हिडिओंवर दावे लागले. त्यातल्या एकाने उलट तक्रार केली. बीटमेकरचा मेल आला आणि तो अजिबात प्रेमळ नव्हता. शेवटी गाणं उतरवावं लागलं. तेव्हा लक्षात ठेवा, लीजच्या बीटवर तो चौकोन रिकामा सोडायचा.

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे आपल्याच गावातला बीटमेकर गाठणं. प्रत्येक शहरात आता लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ हे बीट बनवायचं सॉफ्टवेअर उघडून बसलेला एकतरी मुलगा असतो. त्याला पैसे द्या किंवा वाटा द्या, पण दोन्हीपैकी काय ते पहिल्या दिवशी ठरवा.

आजोबांच्या कॅसेटमधला आवाज

मराठी पोरांना शाहिरी, पोवाडा, भारूड यांचे तुकडे बीटमध्ये घालायचा मोह होतो. मलाही होतो. दिमडीवर 808 बसवली की अंगावर काटा येतो. पण हिशेब समजून घ्या. आपल्याकडे शब्द आणि चाल यांवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, आणि रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं. दोन्ही वेगळे. तुकाराम महाराजांचा अभंग कुणीही घ्यावा, शब्द मोकळे आहेत. मात्र तो विसाव्या शतकातल्या संगीतकाराच्या चालीत गाऊ लागलात तर चालीला मालक असू शकतो, आणि एखाद्या गायकाच्या रेकॉर्डमधून कापून घेतलात तर रेकॉर्डिंगलाही मालक असू शकतो. अण्णा भाऊ साठे 1969 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2029 अखेरपर्यंत आहे.

उपाय साधा: अभंगाचे शब्द घ्या, चाल स्वतःची बांधा, आणि गल्लीतल्या भजनी मंडळातल्या काकांना माइकसमोर बसवा. त्यांचा खरखरीत आवाज कुठल्याही सॅम्पल पॅकमध्ये (तयार आवाजांच्या संचात) मिळणार नाही. त्यांचं नाव श्रेयात घाला आणि मानधनही द्या.

वही

शब्द लिहिण्याआधी बार मोजायला शिका. एक बार म्हणजे चार ठोके, बहुतेक वेळा एक ओळ. 90 बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला 90 ठोक्यांवर, 16 बारचा व्हर्स (मुख्य कडवं) साधारण 43 सेकंद चालतो. 140 च्या ट्रॅप किंवा ड्रिल या प्रकारच्या बीटवर तेच 16 बार 27 सेकंदांत संपतात. 90 वर चार बारची सुरुवात, आठचा हुक (परत परत येणारा भाग), सोळाचा व्हर्स, हुक, व्हर्स, हुक असं धरलं तर 60 बार, म्हणजे 2 मिनिटं 40 सेकंद. पहिल्या सिंगलला एवढं पुष्कळ झालं. तिसरा व्हर्स लिहून झाला असेल तर तो पुढच्या गाण्यासाठी ठेवा.

मराठीत रॅप लिहिण्याची एक खास अडचण आहे. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे यमक फुकट मिळतं. फुकटचं यमक ऐकणाऱ्यालाही फुकटचंच वाटतं. माझ्याकडे आलेल्या बहुतेक वह्यांमध्ये पहिलं पान असं असतं:

"रोज सकाळी उठतो, धावत लोकल पकडतो,
दिवसभर राबतो, रात्री येऊन पडतो."

तो, तो, तो, तो. यात ना माणूस दिसतो ना लोकल. क्रियापद मधे ढकला किंवा उडवून टाका आणि ओळ नामावर आणून सोडा:

"डब्यात माणसं दाबलेली, डब्यात कालची भाकर,
पासाचे पैसे भरून मी लोकलचा बिनपगारी चाकर."

पहिला डबा गाडीचा, दुसरा जेवणाचा. ही कोटी दुसऱ्या भाषेत नेता येणार नाही, आणि मराठीत लिहायचं कारण हेच. लिहिताना ओळ मोठ्याने म्हणा. 'ळ', 'ण', 'ठ', 'ढ' हे वर्ण स्नेअरवर पडले तर ठसका येतो. 'स', 'श'चा मारा केलात तर माइक शिट्ट्या वाजवील.

कोणत्या बोलीत लिहायचं, हा प्रश्न नेहमी येतो. घरी आईशी भांडताना जी येते, ती. सोलापूरचा पोरगा पुण्याच्या मुलाखतीतली भाषा वापरून रॅप करायला लागला की दुसऱ्याच बारमध्ये पकडला जातो. रॅपर एमसी स्टॅनने पुण्याच्या ताडीवाला रोडची जीभ गाण्यात तशीच ठेवली. मुंबईचे रॅपर डिव्हाइन आणि नेझी यांनी 2015 मध्ये 'मेरे गली में' या गाण्यात गल्लीलाच हुक केलं. पुढे 2019 च्या 'गली बॉय' सिनेमामुळे ते देशभर गेलं, पण मुळात ते अंधेरी-कुर्ल्याच्या पोरांनी पोरांसाठी केलेलं होतं.

आणि हुक. हुकची परीक्षा मी रिक्षात घेतो. फोनवर डेमो लावायचा, रिक्षा शेअरची, आवाज मध्यम. उतरेपर्यंत शेजारच्या अनोळखी माणसाचा अंगठा गुडघ्यावर हलला पाहिजे. नाही हलला तर घरी जाऊन हुक परत.

रेकॉर्डिंग

नेझीचं 2014 मधलं पहिलं गाजलेलं गाणं आयपॅडवर रेकॉर्ड झालं होतं आणि व्हिडिओही आयपॅडवरच काढला होता. तेव्हा सामान नाही, ही सबब माझ्याकडे चालत नाही. तरी थोडे पैसे असतील तर क्रम असा: आधी कंडेन्सर किंवा बरा डायनॅमिक माइक आणि ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायची पेटी), मग कान पूर्ण झाकणारे हेडफोन, मग पॉप फिल्टर (तोंडाची फुंकर अडवणारी जाळी). कंडेन्सर माइकला 48 व्होल्टचं फँटम पॉवरचं बटण दाबावं लागतं. "दादा, माइक खराब निघाला" असा फोन आला की मी आधी तेच विचारतो.

खोली माइकपेक्षा महत्त्वाची. उघड्या भिंती, फरशी आणि पत्र्याचं कपाट असलेल्या खोलीत आवाज बादलीत बोलल्यासारखा येतो. आजीच्या दोन जाड गोधड्या दोरीवर कोनात टांगा आणि तोंड त्यांच्याकडे करून उभे राहा, म्हणजे माइक तुमच्या आणि गोधड्यांच्या मधे आला. पंखा बंद. मे महिन्यात हे हाल आहेत, पण पंख्याची घरघर मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवताना, निघत नाही. माझी वेळ रात्री अकरानंतरची: कुकरच्या शिट्ट्या संपलेल्या, शेजारचा टीव्ही झोपलेला. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाळ्यात रेकॉर्डिंगची तारीख देऊच नका.

24 बिटवर रेकॉर्ड करा आणि पातळी अशी ठेवा की सगळ्यात जोरात ओरडलात तरी मीटर उणे 6 डेसिबलच्या वर जाणार नाही. माइकपासून एक वीत अंतर. पूर्ण व्हर्सचे तीन-चार टेक घ्या, एकेक ओळ तुकड्यांत जोडू नका. श्वास कुठे घ्यायचा ते वहीत खूण करून ठेवा. मग डबल, म्हणजे ठरावीक शब्द दुसऱ्यांदा म्हणून मूळ आवाजाखाली दाबायचे. ॲडलिब, म्हणजे ओळींच्या मधले सुटे उद्गार, सगळ्यात शेवटी आणि निम्मेच ठेवा. दर ओळीनंतर "या, या" आलं की ऐकणाऱ्याला वाटतं जेवायला बोलावताहेत.

मिक्सबद्दल फार लिहीत नाही, तो वेगळा धंदा आहे. पहिल्या गाण्याला मिक्स दुसऱ्याकडून करून घ्या, कारण स्वतःचा आवाज स्वतःला कधीच पुरेसा मोठा वाटत नाही. फक्त एक तपासा. 808 चा खोल भाग 40 ते 60 हर्ट्झच्या आसपास असतो आणि फोनच्या स्पीकरला तो ऐकवताच येत नाही. तुमचे निम्म्याहून जास्त श्रोते फोनवरच ऐकणार. 808 ला थोडं सॅच्युरेशन दिलं, म्हणजे आवाज किंचित फाटू दिला, की वरचे स्वर निघतात आणि फोनवरही बास असल्याचा भास होतो. मास्टर, म्हणजे शेवटची तयार फाइल, कानठळ्या बसतील इतका मोठा करून उपयोग नाही. स्पॉटिफाय आणि यूट्यूब जास्त मोठी केलेली गाणी साधारण उणे 14 एलयूएफएसच्या (आवाजाच्या जोराचं माप) आसपास आणतात. मोठं केलेलं परत खाली येतं, वर चेपलेलं ते चेपलेलंच राहतं.

ज्या रात्री गाणं झालं, त्याच रात्री

चहा मागवा आणि कागद काढा. 1979 मध्ये न्यू जर्सीत 'रॅपर्स डिलाइट' रेकॉर्ड झालं, हिप-हॉपचं पहिलं मोठं यशस्वी सिंगल. त्यातल्या रॅपर बिग बँक हँकने म्हटलेला बराचसा मजकूर न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझ या दुसऱ्या रॅपरच्या वहीतला होता. इतका जशास तसा, की त्यात कॅझच्या 'कॅसानोव्हा' या टोपणनावाची अक्षरंही तशीच राहिली. ज्यांच्या गाण्याची बासलाइन पुन्हा वाजवली होती, ते शीक बँडचे नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स वकिलामार्फत भांडले आणि श्रेयात आले. कॅझचं नाव आलं नाही. त्याने वही मैत्रीत दिली होती.

गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि संगीत. दुसरी मास्टर, म्हणजे ते विशिष्ट रेकॉर्डिंग. कागदावर दोन्हींचे टक्के वेगवेगळे लिहा: कोणी लिहिलं, कोणी संगीत केलं, फीचरवाल्याला (पाहुण्या कलाकाराला) किती, मास्टर कुणाच्या मालकीचा, मिक्सवाल्याला एकरकमी की टक्के. खरी नावं, तारीख, सह्या. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर आपल्या कॉपीराइट कायद्यात ते लेखीच लागतं. त्या लिखाणात मुदत नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश नसेल तर फक्त भारत. पुढे कुठल्या लेबलने (म्युझिक कंपनीने) करारनामा पाठवला आणि त्यात 'कायमस्वरूपी' व 'संपूर्ण विश्व' असे शब्द दिसले, तर ते तिथे का आहेत हे आता कळेल. 2012 च्या दुरुस्तीपासून गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारानेही काढून घेता येत नाही. हे लेबलच्या माणसासमोर शांतपणे म्हणून बघा, तो खुर्चीत सरळ बसतो.

रिलीज

स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावनवर आपण थेट गाणं टाकत नाही, मधे डिस्ट्रिब्युटर लागतो. काही जण वर्षाची फी घेतात आणि कमाई पूर्ण देतात, काही फी घेत नाहीत पण टक्के कापतात. फीवाल्यांकडे एक विचारून घ्या: फी भरायची थांबली तर गाणं राहतं की उतरतं? गाण्याच्या रेकॉर्डिंगची ओळख असलेला 12 अक्षरी आयएसआरसी क्रमांक तेच देतात. तो वहीत लिहून ठेवा. पुढे डिस्ट्रिब्युटर बदललात तर तोच क्रमांक वापरायचा, नाहीतर जुन्या स्ट्रीम शून्यावर जातात.

फॉर्म भरताना घाई नको. कलाकाराच्या नावाचं स्पेलिंग एकदा ठरवा आणि मरेपर्यंत बदलू नका. तेच नाव आधी कुणाचं असेल तर तुमचं गाणं त्याच्या पानावर जाऊन बसतं. माझ्या ओळखीच्या एका पोराचं गाणं भलत्याच भजनगायकाच्या पानावर आठवडाभर वाजत होतं, शिव्यांसकट. भाषा 'मराठी' निवडा. शिव्या असतील तर 'एक्स्प्लिसिट'वर खूण करा. कव्हर 3000 बाय 3000 पिक्सेलचं, त्यावर कुणाचा लोगो नको.

रिलीजची तारीख निदान तीन-चार आठवडे पुढची ठेवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवता येतं, पण फक्त रिलीजआधी आणि निदान सात दिवस आधी. उद्या रिलीज म्हणून आज अपलोड केलं की ती संधी गेली. अर्जात "हार्ड ट्रॅक आहे" असं लिहू नका. कोणत्या गावाचं, कशाबद्दल, कोणतं वाद्य, ते लिहा.

लिल नास एक्सकडे जाहिरातीला पैसे नव्हते. त्याने स्वतः मीम बनवून गाणं त्यांच्या पोटात घातलं, आणि मग टिकटॉकवर लोक काउबॉयचे कपडे घालून त्यावर नाचू लागले. बिलबोर्डने मार्च 2019 मध्ये गाणं कंट्री या अमेरिकन ग्रामीण संगीताच्या यादीतून काढलं, त्यावर वाद पेटला, आणि एप्रिलमध्ये कंट्री गायक बिली रे सायरसबरोबर रीमिक्स आलं. वादाचा त्याने व्यवस्थित वापर केला. वाद आपण ठरवून करू शकत नाही. पण गाण्यातले असे 15 सेकंद ठरवून ठेवता येतात, ज्यांवर दुसऱ्या माणसाला काहीतरी करावंसं वाटेल. रील बनवा त्या 15 सेकंदांचे, आपल्या चेहऱ्याचे नाही. व्हिडिओ गच्चीवर काढा, मैदानात काढा. रेल्वेच्या फलाटावर परवानगीशिवाय कॅमेरा लावू नका, तिथे सगळा दिवस चौकशीत जातो.

पैसे

स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजली जाते. म्हणून अर्धा मिनिट नुसती धुरासारखी सुरुवात परवडत नाही. 2024 पासून गाण्याला आधीच्या 12 महिन्यांत निदान 1,000 स्ट्रीम नसतील तर त्याची रॉयल्टी मोजलीच जात नाही. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा हवा तर 1,000 सबस्क्राइबर लागतात, आणि त्यासोबत वर्षात लोकांनी पाहिलेले 4,000 तास किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यू. हे वाचून तोंड उतरलं तर साहजिक आहे. पहिल्या सिंगलचा खर्च स्ट्रीममधून निघेल असं धरून कर्ज काढू नका. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक पोरांना पहिले खरे पैसे कॉलेजच्या फेस्टमध्ये नाहीतर गणपती मंडळाच्या स्टेजवर मिळाले. त्यासाठी 20 मिनिटांचा सेट लागतो, आणि गाणं एकच असेल तर दोनदा वाजवून चालत नाही.

राहिलं आयपीआरएस. 1969 पासूनची ही संस्था गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करते. आधी सभासद व्हायचं, मग प्रत्येक गाणं टक्क्यांसह नोंदवायचं. चहाच्या टेबलावर लिहिलेला कागद इथे कामाला येतो. डिस्ट्रिब्युटरकडून येतात ते मास्टरचे पैसे, हे रचनेचे. दोन्ही वेगळे खिसे आहेत आणि दुसरा खिसा बहुतेकांनी शिवलेलाच नसतो.

रिलीज झाल्यावर पहिली रात्र व्ह्यू बघण्यात जाते, जाऊ दे. दुसऱ्या दिवशी मात्र उठून प्रोजेक्टचं अख्खं फोल्डर, स्टेम्स, नुसत्या आवाजाची फाइल आणि व्हर्सच्या मुख्य आवाजाशिवायचा शो-ट्रॅक (स्टेजवर वाजवायची फाइल) दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करा. एक ड्राइव्ह तुमच्याकडे, एक बीटमेकरकडे. फोल्डरच्या नावात 'फायनल' लिहू नका, तारीख लिहा. माझ्याकडे 'फायनल_खरंच_फायनल_2' नावाची एक फाइल पडून आहे आणि ती कुणाची, हे अजून कळलेलं नाही.